ज्येष्ठांच्या शिबिरात फ्रेल्टी तपासायची आहे: कोणती चाचणी, किती वेळ, पुढे काय? (नागपूर)

संत्राबर्फी
आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं दिवाळीनंतर आरोग्य शिबिर आहे. साधारण १५० जण येतील, वय ६० ते ८८, त्यात बाया जास्त. दरवर्षी शुगर, बीपी आणि मोतीबिंदू होतं. यंदा फ्रेल्टी (शरीराची राखीव ताकद कमी होऊन छोट्या धक्क्यानंही कोलमडण्याची स्थिती) तपासावी असं ठरून राहिलं. हॉल ४० फूट लांब, वेळ सकाळी ८ ते १२. एक डॉक्टर, एक फिजिओ आणि नर्सिंगच्या सहा मुली आहेत. वजनकाटा आणि टेप आहे, डिजिटल ग्रिप मीटर (हाताच्या पकडीची ताकद मोजणारं यंत्र) उसना मिळतोय.

तीन प्रश्न आहेत. एवढ्या वेळात कोणती चाचणी जमेल? पुढे कोणाला पाठवायचं? आणि यावरून "कोण आजारी पडेल" हे खरंच सांगता येतं का, की आकडा हातात देऊन लोकांना नुसतं घाबरवणं होईल?

पायरी
आधी वेळेचा हिशोब करा. २४० मिनिटं आणि १५० माणसं. तीन टेबलं समांतर चालवली तरी एका माणसाला पावणेपाच मिनिटंच येतात. पूर्ण एसपीपीबी (तोल, चाल आणि खुर्चीवरून उठणं मिळून हालचालीची चाचणी) नीट करायला दहा मिनिटं लागतात, म्हणून ती सगळ्यांची होणार नाही. दोन टप्पे करा.

पहिला टप्पा सगळ्यांसाठी, रांगेत बसल्या बसल्या. फ्रेल स्केलचे पाच प्रश्न, प्रत्येक "हो"ला एक गुण:

थकवा: गेल्या चार आठवड्यांत बहुतेक वेळ किंवा सगळा वेळ थकल्यासारखं वाटलं का?
जिना: दहा पायऱ्या न थांबता, काठी-कठडा न धरता, एकट्यानं चढायला जड जातं का?
चाल: दोन-तीनशे मीटर एकट्यानं, आधाराशिवाय चालायला जड जातं का?
आजार: ठरलेल्या अकरापैकी पाच किंवा जास्त आहेत का? (बीपी, मधुमेह, कॅन्सर, फुफ्फुसाचा जुनाट आजार, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, एन्जायना, दमा, संधिवात, लकवा, किडनी)
वजन: वर्षभरात पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं का?

३ किंवा जास्त म्हणजे फ्रेल, १-२ म्हणजे त्याच्या अलीकडची पायरी, ० म्हणजे ठणठणीत. एका माणसाला दोन मिनिटं पुरतात.

हे प्रश्न जसेच्या तसे विचारून मात्र फसगत होते. "जिना चढता का?" म्हटलं की बैठ्या घरातल्या काकू "आमच्याकडे जिनाच नाही" म्हणतात आणि मुलगी "नाही"वर खूण करते. त्यांना ओळखीचा जिना द्या: देवळाच्या पायऱ्या, बँकेचा जिना, रेल्वे स्टेशनचा पूल. चालण्याचं अंतरही मीटरात विचारू नका. "घरून अमुक चौकापर्यंत" असं तुमच्या वस्तीतलं ठिकाण आधीच मोजून ठरवा.

वजनाचं तर विचारूच नका. वर्षापूर्वीचं वजन कोणालाच आठवत नाही. दवाखान्याची जुनी चिठ्ठी आणायला आधीच सांगा, तिच्यावर वजन लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसेल तर ब्लाउज सैल झालं का, बांगड्या कोपराकडे सरकतात का, पट्ट्याला नवीन भोक पाडलं का, कवळी सैल झाली का, हे विचारा. ५ टक्के म्हणजे ५५ किलोच्या बाईचे पावणेतीन किलो. तेवढे उतरले तर कपड्यांत दिसतात.

रामटेकवाले
आजारांच्या प्रश्नात एक मेख आहे. ज्यानं कधी तपासणीच केली नाही त्याला शून्य गुण मिळतो आणि जो नियमित दवाखान्यात जातो त्याला एक. म्हणजे सर्वात दुर्लक्षित माणूस कागदावर सर्वात निरोगी. म्हणून शुगर-बीपीचं टेबल आधी ठेवा, फ्रेलचं नंतर.

आणि प्रत्येकाला खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयकोप (ज्येष्ठांच्या एकत्रित देखभालीच्या) पद्धतीत हालचालीची चाळणी एवढीच आहे: हात छातीवर दुमडून पाच वेळा उठ-बस, १४ सेकंदांच्या आत. साधन लागत नाही आणि लाजेपोटी खोटं उत्तरही देता येत नाही.

टेकडीवाला
पंच्याहत्तरीला माणूस थकणारच. त्याला फ्रेल्टी म्हणून नाव दिलं की नवीन आजार तयार. पुढे गोळ्या आणि पावडरचे डबे.

रामटेकवाले
@टेकडीवाला भाऊ, डब्यांबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पण वय म्हणजेच फ्रेल्टी असं नाही. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये जी व्याख्या मांडली (वजन घटणं, थकवा, कमी हालचाल, मंद चाल, कमजोर पकड, पाचपैकी तीन) तिच्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या सुमारे ७ टक्के लोकांनाच ती लागू झाली. बाकीचेही म्हातारेच होते की. फरक दिसतो तो धक्का बसल्यावर. साधा लघवीचा संसर्ग झाला तर एक जण आठवड्यात हिंडायला लागतो, दुसरा बरळतो, पडतो आणि महिनाभरानंही स्वतःची आंघोळ स्वतः करू शकत नाही. तो दुसरा कोण हे आधी कळावं म्हणून ही चाळणी. गोळी अशी काही नाहीच त्याला.

पायरी
दुसरा टप्पा. ज्यांचे फ्रेल गुण १ किंवा जास्त, किंवा खुर्चीला १४ सेकंदांपेक्षा जास्त लागले, त्यांचीच एसपीपीबी करा. एकूण १२ गुण.

तोल: पाय जुळवून १० सेकंद, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला ठेवून १० सेकंद, मग टाच-चवडा एका रेषेत. पहिल्या दोहोंना एकेक गुण. तिसऱ्याला पूर्ण १० सेकंदांना दोन, ३ ते १० मध्ये एक.
चाल: ४ मीटर, नेहमीच्या वेगानं. ४.८२ सेकंदांपेक्षा कमी ४ गुण, ६.२० पर्यंत ३, ८.७० पर्यंत २, त्यावर १.
खुर्ची: पाच उठ-बस. ११.१९ सेकंदांपर्यंत ४ गुण, १३.६९ पर्यंत ३, १६.६९ पर्यंत २, त्यावर १. एक मिनिटात झालंच नाही तर ०.

स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत ९ किंवा कमी म्हणजे शारीरिक क्षमता घटलेली.

आता चुका कुठे होतात ते.

खुर्ची: मंडळांच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या हाताच्या खुर्च्या असतात. त्या वाकतात, मागे सरकतात आणि सगळ्या एका उंचीच्या नसतात. लाकडी किंवा लोखंडी, बिनहाताची, साधारण ४५ सेंमी उंचीची एकच खुर्ची घ्या आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. घड्याळ "सुरू" म्हणताच चालू आणि पाचव्यांदा पूर्ण उभं राहताच बंद. पाचव्यांदा बसेपर्यंत चालू ठेवलं तर सेकंद-दीड सेकंद उगाच वाढतो. आणि "शाब्बास काकू, अजून जोरात!" असं एका टेबलावर ओरडायचं आणि दुसऱ्यावर गप्प राहायचं, असं नको.

चाल: फरशीवर ४ मीटरच्या दोन्ही टोकांना रंगीत पट्टी चिकटवा आणि पुढे निदान एक मीटर मोकळी जागा ठेवा. पट्टीशी भिंत किंवा टेबल असलं की माणूस आधीच वेग कमी करतो. घड्याळ घेऊन समोर उभं राहू नका, थोडं मागे आणि बाजूनं चाला. दोनदा चालवा, कमी वेळ धरा. काठी नेहमी वापरत असतील तर काठीसकट, आणि तसं लिहा. लुगड्याच्या निऱ्या पायात येत असतील तर आधी खोचून घ्यायला सांगा. सपाता घालून नको, अनवाणी किंवा पट्ट्याची चप्पल.

अर्ध्या सेकंदाची किंमत बघा: ४ मीटरला ५ सेकंद म्हणजे ०.८० मीटर प्रति सेकंद, साडेपाच म्हणजे ०.७३. घड्याळ धरणारी मुलगी बदलली की माणसाचा गट बदलू शकतो. चालीच्या पट्टीवर एकच मुलगी शेवटपर्यंत.

महालची_मीनल
ग्रिप मीटरबद्दल कोणी बोललं नाही. जामार प्रकारच्या हायड्रॉलिक यंत्रावर बसून, कोपर ९० अंशांत, खांदा सैल सोडून मोजतात. स्मेडली प्रकारच्या स्प्रिंगच्या यंत्रावर उभं राहून, हात सरळ खाली सोडून. उसना मीटर कुठल्या प्रकारचा आहे ते बघून तीच पद्धत शेवटपर्यंत ठेवा, कारण दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. डिजिटल मीटरची मूठ हाताच्या मापानुसार फिरवून जवळ-लांब करता येते. पुरुषांसाठी लावलेली मूठ तशीच पुढच्या बाईच्या हातात गेली की तिची पकड हमखास कमी येते. दोन्ही हातांनी निदान दोन-दोनदा, सर्वात मोठा आकडा धरा. अंगठ्या काढायला लावा.

आशियाई निकष: पुरुष २८ किलोच्या खाली, बाया १८ च्या खाली म्हणजे कमजोर. पोटरीचा घेर हवा असेल तर पुरुष ३४ सेंमी, बाया ३३ सेंमीच्या खाली. पोटरी जिथे सर्वात जाड तिथेच टेप, न आवळता. पायाला सूज असेल तर मोजू नका. आकडा चांगला येतो आणि माणूस निसटतो.

आकडेमोड
ते निकष मुख्यतः पूर्व आणि आग्नेय आशियातल्या अभ्यासांवर बेतलेले आहेत. आपल्याकडच्या साडेचार-पावणेपाच फूट उंचीच्या आज्यांना १८ किलोचा उंबरठा लावला तर अर्ध्याहून जास्त "कमजोर" निघाल्या तरी नवल नाही. मग चाळणीनं चाळलं काय? फ्रीड यांनी म्हणूनच पकड लिंग आणि बीएमआयनुसार (उंचीच्या मानानं वजन), चाल लिंग आणि उंचीनुसार वेगळी पाहिली आणि तळाचे २० टक्के धरले. शिबिरात ग्रिप मोजा, पण तेवढ्यावरून कोणाला पुढे पाठवू नका.

आता तिसरा प्रश्न, भविष्याचा. त्याच अभ्यासात सात वर्षांत फ्रेल गटातले ४३ टक्के लोक दगावले, ठणठणीत गटातले १२ टक्के. फरक मोठा आहे. पण उलटून वाचा: फ्रेल म्हटलेल्यांतले ५७ टक्के सात वर्षांनी जिवंत होते. गटाचा धोका सांगता येतो, समोर बसलेल्या काकांचं भविष्य नाही. चालीचंही तसंच. २०११ मध्ये नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा वेग दर ०.१ मीटर प्रति सेकंदानं जास्त असला की मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसला. ही सरासरी आहे, आणि ती मुख्यतः अमेरिकेतल्या माणसांची. क्रम (कोण जास्त धोक्यात) बहुधा इथेही टिकेल, टक्केवारी जशीच्या तशी इथे चिकटवता येणार नाही. म्हणून कार्डावर "तुमचा धोका इतके टक्के" असं अजिबात छापू नका.

चाळणीचा हिशोबही करून ठेवा. समजा १५० पैकी २० जण खरे फ्रेल आहेत, चाळणी त्यातले ८० टक्के पकडते आणि ठीक असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते. पकडले गेलेले खरे १६, उगाच अडकलेले २६. म्हणजे डॉक्टरच्या टेबलावर ४२ जण, त्यातले निम्म्याहून जास्त ठीकच, आणि ४ घरी निघून गेले. ही टक्केवारी मी उदाहरणासाठी धरली आहे, पण गणित असंच चालतं. एक डॉक्टर ४२ जणांना बघणार कधी, ते आधी ठरवा.

संत्राबर्फी
४२ तर दुपारी २ पर्यंतही होणार नाहीत. मग डॉक्टरांनी नेमकं काय बघायचं?

रामटेकवाले
त्याच दिवशी सगळं नाही बघायचं. शिबिरात फक्त तातडीचं, बाकीच्यांना पुढच्या पंधरवड्यात पाच-सहा जणांच्या तुकड्यांनी तारीख द्या. तारीख देणं जमणार नसेल तर ५० जणांचंच शिबिर करा.

तातडीचं म्हणजे: तीन महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त वजन उतरलेलं, वर्षात दोनदा पडलेले, पडून शुद्ध हरपलेले, उभं राहताच चक्कर येणारे, जेवण जवळपास सुटलेले.

चक्कर येणाऱ्यांचा बीपी आडवं झोपवून पाच मिनिटांनी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर नोंद करा. बसून घेतलेल्या एका बीपीवर हे कळत नाही.

पंधरवड्याच्या तपासणीत उलटवता येण्यासारखी कारणं शोधायची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ (शाकाहारी आणि वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणारे खास), शुगर, क्रिएटिनिन, सोडियम. वजन उतरत असेल आणि खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी. म्हाताऱ्यांचा टीबी "वय झालं" या सदरात खपून जातो. दात आणि कवळी बघा. आणि दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का, कशात रस वाटेनासा झाला का? उदासी आणि फ्रेल्टी वरून सारखीच दिसतात: थकवा, वजन घटणं, घराबाहेर न पडणं.

पाठवायचं कुठे: पहिल्यांदा जवळचं शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये (आजारांच्या धोक्याची प्रश्नावली) साठीवरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेतच (उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरतात का), तेव्हा त्यांना शिबिरात बोलवा, नोंद तिथेच होऊन जाईल. पुढचं मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी रुग्णालयं) किंवा मिहानमधलं एम्स. सत्तरीपुढच्यांकडे आयुष्मान वय वंदना कार्ड असेल तर ते ५ लाखांपर्यंतच्या भरतीच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीच्या तपासण्या त्यात येत नाहीत. हे आधी सांगा, नाहीतर लोक कार्ड घेऊन खेटे घालतात.

गोळी_की_पुडी
सगळ्यांना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगा. चिठ्ठी नको, पिशवीच. आयुर्वेदिक चूर्ण, झोपेची गोळी, मेडिकलवाल्यानं दिलेली दुखण्याची गोळी चिठ्ठीवर नसतेच.

पिशवीत हे शोधा: एकच औषध दोन ब्रँडनावांनी (बीपीच्या गोळ्यांत हे सर्रास दिसतं), झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, शुगरसाठी ग्लिबेनक्लामाइड किंवा जास्त डोसची ग्लिमेपिराइड, खाजेची-सर्दीची जुन्या पद्धतीची गुंगी आणणारी गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि बीपीच्या तीन गोळ्या एकत्र. पाचपेक्षा जास्त औषधं म्हणजे आपोआप चूक असं नाही, पण थकवा, चक्कर आणि पडणं यांचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. फ्रेल माणसाची शुगर कसोशीनं खाली ठेवण्यात फायदा थोडा आणि पहाटे शुगर उतरून पडण्याचा धोका मोठा. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८ च्या आसपास चालवून घेतात. झोपेची गोळी मात्र कोणी शिबिरातच "बंद करा" म्हणू नका. वर्षानुवर्षांची गोळी एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात. ती हळूहळू उतरवायची असते, आणि ते ज्यानं दिली त्या डॉक्टरांनी.

नागपूरसाठी आणखी एक: लघवीची गोळी घेणाऱ्यांची वेगळी यादी करा. मार्चमध्ये त्यांच्या डॉक्टरांकडून उन्हाळ्यातला डोस विचारून घ्यायला लावा. पारा ४५ ला गेल्यावर नवतपात तोच डोस आणि तीच तहान राहिली की सोडियम बिघडतं, बीपी पडतो आणि माणूस बाथरूमच्या वाटेवर कोसळतो.

महालची_मीनल
आणि त्या वाटेवर कूलरचं सांडलेलं पाणी! घरातल्या धोक्यांच्या कागदावर ही ओळ हवीच. रात्री कूलर भरायला ज्येष्ठांनी उठायचं नाही.

हॉलमध्येही कूलर लावणार असाल आणि स्मरणाची चाचणी (तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारणं) घेणार असाल तर ती त्याच्यापासून लांब घ्या. ऐकू न आल्यामुळे "विसरले" अशी नोंद होते.

वरण_भात_तूप
जेवणाचं थोडक्यात, कारण तिथेच पावडरवाले घुसतात. ज्येष्ठांना रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं. ५५ किलोला ५५ ते ६६ ग्रॅम. चार पोळ्या १३, दोन वेळचं घट्ट वरण (कोरडी डाळ ६० ग्रॅम) १४, पाव लिटर दूध ८, वाटीभर दही ५, मूठभर फुटाणे ६. झाले ४६. उरलेले दोन अंडी (१२), किंवा ५० ग्रॅम पनीर (९), किंवा २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांतून (१३). पातळ वरणाचं पाणी आणि सकाळी चहा-टोस्ट यावर दिवस काढला की हिशोब वीसच्या पुढे जात नाही, आणि एकट्या राहणाऱ्या आज्यांचं जेवण बहुधा असंच असतं. फुटाणे चावत नसतील तर त्यांचं पीठ ताकात. संध्याकाळचं जेवण सुटलं असेल तर आधी ते परत आणा. किडनीचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायची नाहीत.

टेकडीवाला
बरं, हे पटतं. पण व्यायामाचं काय? आमच्याकडचे सगळे रोज अंबाझरीला फिरतात.

पायरी
फिरणं चांगलं, पण मांडीची ताकद त्यानं पुरेशी वाढत नाही. अमेरिकेतल्या लाइफ चाचणीत (निकाल २०१४) ७० ते ८९ वयाचे १,६३५ जण होते, सगळ्यांची एसपीपीबी ९ किंवा कमी. चालणं, ताकद, तोल आणि अंग ताणणं असा मिळून व्यायामाचा कार्यक्रम दिला. सरासरी अडीच वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणारे ३०.१ टक्के, नुसती आरोग्यावरची व्याख्यानं ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के. चमत्कार नाही, पण गोळीनं एवढंही होत नाही.

घरी: आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठ-बस, ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. सोपं वाटलं की पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात, मग एक लिटरच्या. ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्याजवळच टाच-चवडा रेषेत उभं राहणं, हात ओट्यापासून बोटभर वर. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या नाहीत तर वजन कमी पडतंय. इथेच बहुतेकांचं फसतं: सहा महिने तेच दहा, त्याच खुर्चीवर, वजन न वाढवता.

आकडेमोड
तीन महिन्यांनी परत मोजाल तेव्हा एसपीपीबीत १ गुण किंवा चालीत ०.१ मीटर प्रति सेकंद बदलला तर तो दखल घेण्यासारखा. त्याहून कमी फरकावर टाळ्या वाजवू नका आणि रडूही नका. तीच खुर्ची, तीच पट्टी, शक्यतो तोच हात घड्याळावर, आणि तोच वेळ. सकाळी ८ ला आणि दुपारी १२ ला उपाशी मोजलेले आकडे शेजारी ठेवू नयेत.

संत्राबर्फी
म्हणजे असं ठरवतोय: शुगर-बीपी, मग फ्रेल आणि पाच उठ-बस सगळ्यांना, अडकलेल्यांना एसपीपीबी, पिशवी तपासणी वेगळ्या टेबलावर. संख्या ८० वर आणतो, उरलेल्यांचं जानेवारीत. अंथरुणाला खिळलेले पाच-सहा जण आहेत, त्यांचं काय? आणि खुर्चीची चाचणी कोणाला द्यायची नाही?

रामटेकवाले
खिळलेल्यांना चाळणी लागत नाही, घरी जाऊन गरज विचारा. नोंदीसाठी रॉकवूड यांचं नऊ पायऱ्यांचं क्लिनिकल फ्रेल्टी स्केल पुरेसं आहे: पैशांचे व्यवहार, औषधं, जड कामं यांना मदत लागते तो ५, आंघोळीला आणि घर चालवायला लागते तो ६, सगळ्या अंगच्या कामांना लागते तो ७. दोन आठवड्यांपूर्वीची नेहमीची स्थिती धरायची, आजच्या तापातली नाही. त्यांचा आणि सांभाळणाऱ्यांचा फोन घेऊन ठेवा आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांना लिहून द्या.

उठ-बस द्यायची नाही: छातीत दुखतंय, बीपी १८० च्या वर, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही. शेवटच्या गटाला "करता आलं नाही" असं लिहा, रिकामी जागा सोडू नका. नंतर यादी बघणाऱ्याला रिकामी जागा म्हणजे राहून गेलं असं वाटतं, आणि सर्वात जास्त धोक्यातली माणसं नेमकी तिथेच असतात.

महालची_मीनल
खुर्चीच्या बाजूला एक मुलगी हात न लावता उभी असू द्या, आणि ज्यांच्या घरची माणसं सोबत येत नाहीत त्यांचं कार्ड त्यांच्याच हातात द्या. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणांची यादी टाकायची नाही.